कोरी डेनिम जीन्स घाणीच्या कामावर: पहिल्या भिजवणीपासून रफूपर्यंत

रॉ डेनिम, म्हणजे कारखान्यात न धुतलेली कोरी जीन्स, घेतली की जो तो एकच सल्ला देतो, सहा महिने पाणी लावू नको. खुर्चीत बसून काम करणाऱ्याला हा सल्ला चालतो. पण ज्याच्या मांडीवर दिवसभर ग्रीस, लाकडाचा भुसा, सिमेंट, रंग नाहीतर पीठ पडतं, त्याने तो पाळला तर जीन्स वेळेआधीच जाते, आणि जाते ती बरोबर जांघेत नाहीतर गुडघ्यावर. मी लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या मशीनवर काम करतो आणि कामावर येणारा जवळजवळ प्रत्येक नवा मुलगा हीच चूक करताना बघतो. आधी महिनोन्‌महिने धुवायचीच नाही, आणि मग एक दिवस वास सहन होईना म्हणून चिखल, तेल, धातूचा कीस सगळं अंगावर तसंच ठेवून गरम पाणी, भरपूर पावडर आणि मशीन. रंग पट्ट्यापट्ट्याने उडतो, डाग मात्र पक्के बसतात.

यात क्रमाला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. आधी कोरडं झाडायचं, मग डाग काढायचे, मग भिजवायचं आणि मग धुवायचं. झाडायच्या आधीच पाणी लागलं की धुळीचा चिखल होतो आणि तो चिखल विणीच्या आत जाऊन बसतो, मग कितीही घासा.

१. आधी बघा, ही जीन्स तुमच्या कामाला चालणार आहे का

रॉ म्हणजे सूत रंगवलं, कापड विणलं, शिवलं, पण कारखान्यात धुतलं नाही. म्हणून त्यात खळ असते आणि नवीन जीन्स हाताला पुठ्ठ्यासारखी लागते. सेल्व्हेज लिहिलंय म्हणजे रॉ असं नाही, सेल्व्हेज हा कापडाच्या काठाचा प्रकार आहे, धुतलेली जीन्स पण सेल्व्हेज असू शकते.

लेबलवर तीन गोष्टी शोधा.

पहिली, कापड सॅनफोराईज्ड आहे का. असेल तर ते विणल्यावर आधीच आटवून घेतलेलं असतं आणि धुतल्यावर साधारण १ ते ३ टक्केच आटतं. नसेल तर ७ ते १० टक्के आटू शकतं, म्हणजे ३४ इंच लांबीत दोन-तीन इंच गेले. कामाची जीन्स पहिल्यांदाच घेत असाल तर सॅनफोराईज्डच घ्या, आटण्याचा हिशोब चुकला तर उकिडवं बसता येत नाही आणि अशी जीन्स कामाला काय उपयोगाची.

दुसरी, वजन, म्हणजे एक चौरस यार्ड कापड किती औंस भरतं ते. १२ ते १४ औंसचं कापड बहुतेक कामांना पुरतं. १६ औंसच्या पुढचं जाड कापड टिकतं खरं, पण वाळायला फार वेळ लागतो, आणि तुम्हाला इतरांपेक्षा जास्त वेळा धुवायचीच आहे हे आत्ताच धरून चाला.

तिसरी, स्ट्रेच. ठिणग्यांजवळ, वेल्डिंगजवळ, भट्टीजवळ काम असेल तर इलॅस्टेन मिसळलेली जीन्स नको, १०० टक्के कॉटन घ्या. स्ट्रेचचा धागा उष्णतेने वितळतो.

सावधान: फिरत्या मशीनजवळ घोळदार पाय, लोंबणारी बेल्टची टोकं, सुटलेले धागे चालत नाहीत. ग्राइंडिंग-वेल्डिंगला पाय खाली दुमडून घालू नका, त्या दुमडीत ठिणगी अडकते आणि धुमसत राहते. लेथवरचा कीस पण तिथेच साठतो. एकदा मी घरी येऊन दुमड सोडली तर मूठभर कीस जमिनीवर पडला आणि आतल्या बाजूचे धागे ब्लेडने कापावेत तसे तुटलेले होते. तेव्हापासून लांबी मापात शिवून घेतो, दुमडत नाही. आणि हो, जिथे कंपनीने अग्निरोधक किंवा केमिकलसाठीचा पोशाख सांगितलाय तिथे तोच घालायचा, जाड जीन्स हा त्याला पर्याय नाही.

२. मापं लिहून ठेवा, मग पहिली भिजवणी

खूप जण जीन्स आणली की दुसऱ्या दिवशी तशीच कामाला घालतात आणि पहिल्या धुण्यात सगळा घोटाळा होतो, कारण गुडघ्यामागच्या घड्या, गुडघ्याचा फुगा, सगळं आटायच्या आधी पडलेलं असतं आणि आटल्यावर त्या खुणा भलत्याच जागी सरकतात. म्हणून कामाच्या जीन्सला सुरुवातीलाच एकदा भिजवून घ्या. जास्तीची खळ निघते, जी काय आटायची ती आटते आणि पहिल्या आठवड्यात रंग थोडा कमी सुटतो.

आधी जीन्स सपाट पसरून कंबर, मांडी, जांघेपासून खालपर्यंतची लांबी टेपने मोजा आणि कागदावर लिहा. मग बटणं, चेन लावा, उलटी करा आणि मोठ्या टबात लांब पसरून ठेवा. बादलीत कोंबू नका, खळ असलेल्या कापडाला जिथे चुणी पडते तिथे नंतर पांढरट रेघ उमटते आणि ती जात नाही. सॅनफोराईज्ड असेल तर कोमट पाणी, ३० ते ४० अंश, पाऊण तास. नसेल तर हाताला चांगलं गरम लागेल असं पाणी घ्या, म्हणजे पूर्ण आटून मोकळी होईल. साबण काही नको. कापड वर तरंगत असेल तर वरून एखादी जड प्लेट ठेवा.

व्हिनेगर किंवा मीठ टाकून रंग पक्का होतो असं अजूनही लोक सांगतात. इंडिगोच्या बाबतीत हे खरं नाही. इंडिगो धाग्याला रासायनिक बंधाने चिकटलेला नसतोच, धागा रंगात बुडवायचा, हवेत काढायचा, परत बुडवायचा, असे थरावर थर बाहेरून बसलेले असतात आणि धाग्याचा गाभा पांढराच राहतो. घासलं की थर निघतो. फेड, म्हणजे घासल्या जागी पडणाऱ्या फिकट खुणा, येतात त्या यामुळेच आणि मिठाने ते थांबत नाही.

तपासा: पूर्ण वाळल्यावर परत मोजा. कंबर घट्ट वाटली तर घाबरू नका, घातल्यावर आठ-दहा दिवसांत ती साधारण इंचभर सैल होते. लांबी मात्र परत वाढत नाही.

३. लांबी आता कापा, आधी नाही

भिजवायच्या आधी टेलरकडे नेणं ही नेहमीची चूक. वाळलेली जीन्स कामाचे बूट घालून बघा, उकिडवं बसा, एक पाय शिडीच्या पायरीवर ठेवल्यासारखा वर घ्या, मगच खूण करा. उभं राहून घेतलेलं माप कामात कमी पडतं.

४. पहिले काही आठवडे

नवीन जीन्सचा निळा रंग बुटाला, खुर्चीला, गाडीच्या सीटला, हाताला लागणार. फिकट रंगाचे बूट, पांढरा शर्ट खोचून घालणं, फिकट कापडाचं फर्निचर हे तेवढे दिवस टाळा. अन्नाचं काम असेल, किंवा तयार भिंती, गाद्या, कापड अशा मालाला तुमची मांडी लागत असेल तर वरून लांब एप्रन घाला.

एप्रनबद्दल आणखी. घाण कामात जीन्स वाचवायचा यापेक्षा चांगला उपाय मला तरी माहीत नाही. हात पुसायला वेगळी चिंधी कमरेला लावा. मांडीला हात पुसायची सवय जीन्सचा जितका नाश करते तितका कुठलंही मशीन करत नाही, कारण तेल आणि बारीक कीस दोन्ही एकाच जागी रोज पन्नास वेळा चोळलं जातं. खिशात स्क्रू, खिळे, टोकदार हत्यार सुटं ठेवू नका, खिशाचं अस्तर आधी फाटतं आणि मग वस्तू थेट मांडीच्या कापडाला आतून घासत बसते.

५. रोज काम सुटल्यावर पाच मिनिटं

हे पाच मिनिटांचं काम टाळलं की पुढचं धुणं दुप्पट अवघड होतं.

बाहेर उभं राहून जीन्स झटका. खिसे पूर्ण उलटे करा, कोपऱ्यातला भुसा बोटाने काढा. मग कोरडा, मऊ केसांचा ब्रश घ्या आणि वरून खाली, एकाच दिशेने फिरवा. मांडी, गुडघे, मग शिवणींच्या कडा, मग खालची दुमड. गोल गोल घासू नका, तिथला रंग चकतीसारखा उडतो. चिखल ओला असेल तर हात लावू नका, पूर्ण वाळू द्या, मग तो पापुद्र्यासारखा सुटतो. पिठाचंही तेच, ओलं फडकं लावलंत की खळ झाली म्हणून समजा.

मग उलटी करून वाऱ्यावर टांगा. घडी घालून पिशवीत, लॉकरमध्ये कोंबायची नाही. घामाने ओली राहिलेली जीन्स दमट जागेत पडली की बुरशी धरते आणि धागा कमजोर होतो. शक्य असेल तर दोन जीन्स आलटून पालटून घाला.

फ्रीझरमध्ये ठेवून जंतू मरतात ही समजूत सोडा. घरच्या फ्रीझरच्या थंडीने बरेचसे जंतू नुसते निपचित पडतात, अंगाची ऊब लागली की परत वाढतात, आणि तेल, धूळ तर जिथल्या तिथेच असते.

६. डाग त्याच दिवशी, पण प्रत्येकाचा उपाय वेगळा

कुठलाही उपाय आधी आतल्या बाजूला, खालच्या दुमडीत करून बघा.

तेल, ग्रीस: जाड थर बोथट सुरीने किंवा पुठ्ठ्याच्या कडेने उचलून घ्या. घासू नका, उचला. वरून टाल्कम पावडर किंवा कॉर्नस्टार्च भरपूर दाबा, रात्रभर ठेवा, सकाळी झाडा. पावडर पिवळट, तेलकट झाली असेल तर परत तेच करा. मग भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब थेट डागावर, बोटाने हलकं दाबत पंधरा मिनिटं, आणि कोमट पाण्याने मागच्या बाजूने धार सोडा, म्हणजे डाग आला त्या वाटेने परत बाहेर जातो. लिक्विडमध्ये ब्लीच नाही ना ते आधी वाचा.

रक्त: फक्त थंड पाणी. गरम पाण्याने ते शिजतं आणि बसतं.

रंग: पाण्यात मिसळणारा रंग ओला असतानाच थंड पाण्याखाली धरा. वाळला तर बराचसा राहतो, खरवडत बसलात तर कापड जातं. ऑईलपेंटला थिनर लागतो, तो चिंधीवर घेऊन खालून दुसरी चिंधी धरून टिपायचा, मोकळ्या हवेत आणि आगीपासून लांब.

सिमेंट: वाळलेलं असेल तर हाताने मोडून ब्रश करा. ओलं असेल आणि कापडातून गुडघ्याला लागत असेल तर डागाचा विचार नंतर, आधी जीन्स काढा आणि कातडी भरपूर पाण्याने धुवा. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं, सुरुवातीला दुखत नाही आणि नंतर भाजल्यासारखी जखम होते.

बॅटरीचं ॲसिड: हे सगळ्यात फसवं. आमच्याकडे एका मुलाच्या मांडीवर चार थेंब उडाले, दिसत काही नव्हतं, तो तसाच आठवडाभर फिरला. जीन्स धुवून आल्यावर मांडीला चाळणीसारखी भोकं, कडा इतक्या कुजलेल्या की बोट लावलं की धागा पिठासारखा सुटायचा. सल्फ्युरिक ॲसिड उडून जात नाही, त्यातलं पाणी वाळतं आणि उरलेलं ॲसिड आणखी तीव्र होत कापूस खात बसतं. उडालं की लगेच जीन्स काढा, भरपूर पाण्याने कातडी धुवा आणि कापडही धुवा. पाण्याने धुतल्यावर कापडावर खायच्या सोड्याचं पाणी टाका, फेस यायचा थांबेपर्यंत, आणि परत धुवा.

सावधान: पेट्रोल, थिनर, जवसाचं तेल मुरलेली जीन्स सरळ वॉशिंग मशीनमध्ये आणि ड्रायरमध्ये कधीही टाकू नका, आग लागू शकते. आधी बाहेर उघड्यावर पसरून वाळवा, मग हाताने धुवा. जवसाच्या तेलाचं कापड बोळा करून ठेवलं तर आपोआप पेटतं, म्हणून तेही पसरूनच ठेवायचं.

७. धुवायची कधी

कॅलेंडर बघून ठरवू नका. २०११ च्या सुमाराला कॅनडात, अल्बर्टा विद्यापीठात एका विद्यार्थ्याने रॉ जीन्स १५ महिने न धुता घातली, मग धुवून १३ दिवस घातली, आणि दोन्ही वेळच्या जंतूंच्या मोजणीत विशेष फरक निघाला नाही. न धुण्याच्या बाजूने हेच उदाहरण दिलं जातं. पण त्या जीन्सवर वाळू, कीस, ग्रीस नव्हतं. आपला प्रश्न जंतूंपेक्षा कणांचा आहे. बारीक कण विणीत अडकतात आणि प्रत्येक पावलाला धागा कापतात, तेल त्यांना तिथे चिकटवून ठेवतं.

हे बघा आणि ठरवा: ब्रश केल्यावरही कापड हाताला खरखरीत किंवा चिकट लागतंय, उलटी करून रात्रभर टांगली तरी सकाळी वास आहे, जांघेत कापड घामाने कडक झालंय, गुडघ्यावर तेलाची काळी चकाकी आलीय. यातलं काहीही एक झालं की धुवा. रोजच्या घाण कामात हे दोन-तीन आठवड्यांनीही होऊ शकतं आणि त्यात काही बिघडत नाही, फेड थोडे कमी उठावदार येतील, जीन्स जास्त दिवस जगेल. माझ्या मते कामाच्या जीन्सला हाच सौदा बरोबर आहे.

सांडपाणी, कच्चं मांस, कीटकनाशक, कुठलंही घातक केमिकल लागलं असेल तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी, घरच्या इतर कपड्यांपासून वेगळी धुवायची.

८. हाताने धुणं

पहिली दोन-तीन धुणी हातानेच करा.

आधी खिसे रिकामे, ब्रश, डागांचं काम. मग फाटायला आलेली जागा आहे का बघा, असेल तर सुई-दोऱ्याने दोन-चार टाके घालून धरून ठेवा, नाहीतर पाण्यात भोक दुप्पट होतं. बटणं लावा, उलटी करा.

टबात ३० अंशांच्या आसपासचं पाणी. तेल फार असेल तर ४०, रंग थोडा जास्त जाईल हे धरून. लिक्विड डिटर्जंट पाण्यात आधी नीट मिसळा, मग जीन्स घाला. पावडर नको, ती न विरघळता घडीत बसते. डिटर्जंटच्या मागे वाचा: ब्लीच नको, ऑप्टिकल ब्राइटनर (कपडे उजळ दिसावेत म्हणून घातलेलं रसायन) नको, आणि सेल्युलेज नावाचं एन्झाइम नको, कारण ते कापसाचाच वरचा थर खातं. कारखान्यात जीन्सला जुनाट रूप द्यायलाही तेच वापरतात.

अर्धा तास भिजू द्या, मध्ये दोन-तीनदा हाताने दाबून हलवा. आपटायची नाही, ब्रशने खसाखसा घासायची नाही. फक्त कंबरेचा पट्टा, जांघ आणि खालच्या कडा आतल्या बाजूने बोटांनी चोळा.

विसळताना जवळजवळ सगळे चुकतात, पाणी स्वच्छ येईपर्यंत विसळत बसतात. निळं पाणी थांबणार नाही, प्रत्येक पाण्याबरोबर फुकटचा रंग जातो. निळेपणा बघू नका, फेस बघा. कापड मुठीत दाबल्यावर फेस येत नाही आणि बुळबुळीत लागत नाही, की झालं. साबण राहिला तर मात्र कापड कडक होतं आणि घाण लवकर धरतं.

९. मशीनमध्ये टाकायचीच असेल तर

उलटी, बटणं लावून, एकटी किंवा काळ्या कपड्यांबरोबर. जेंटल सायकल, ३० अंश, मिनिटाला ४०० ते ६०० फेरे, भिजत ठेवायचा प्रोग्रॅम चालेल. जास्त फेऱ्यांवर पिळलं की चुण्यांच्या जागी रेघा उमटतात. संपल्याबरोबर बाहेर काढा, आत चुरगळून तासभर राहिली तरी खुणा बसतात. आणि वाळू, कीस असताना कधीच नाही, मशीनचा ड्रमही खराब होतो.

१०. वाळवणं

पिळू नका. पसरून, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग दोन्ही हातांनी पाय लांबीला ओढा, शिवण सरळ करा, पट्टा सरळ करा, आणि उलट्याच स्थितीत सावलीत, वाऱ्यावर टांगा. मी पायाच्या खालच्या कडांना चिमटे लावून टांगतो, पट्ट्याच्या वजनाने पाय सरळ राहतात. कडक उन्हात रंग उडतो. ड्रायर नको, आटते आणि चामडी लेबल आवळून कडक होतं.

तपासा: खिशाचं अस्तर आणि पट्ट्याची आतली घडी शेवटी वाळते. तिथे बोट घालून बघा, ओलसर असेल तर कामाला घालू नका, कुबट वास तिथूनच सुरू होतो.

११. वाळलेली हातात आहे तोवर दुरुस्ती

मळलेल्या कापडावर रफू करू नका, सुई अडकते आणि टाक्याखाली कण राहून नवीन धागाही कापतात. स्वच्छ जीन्स उजेडासमोर धरा. जांघ, गुडघे, मागच्या खिशाचे कोपरे. जिथून उजेड आरपार येतोय तिथे पांढरा बाण्याचा (आडवा) धागा उघडा पडलाय, म्हणजे निळा ताणा (उभा धागा) झिजलाय. भोक पडायची वाट न बघता आत्ताच आतून जुन्या जीन्सचा तुकडा लावा. तुकडा झिजलेल्या जागेपेक्षा सगळीकडून दीड-दोन इंच मोठा घ्या, कोपरे गोल कापा, आणि टाके घट्ट कापडापर्यंत न्या. तुकडा झिजलेल्या कापडावरच संपवला तर त्याच्या कडेने नवी चीर जाते. तुकडा नवा, कोरा असेल तर लावायच्या आधी तोही भिजवून आटवून घ्या, नाहीतर पुढच्या धुण्यात तो आटतो आणि गुडघा गोळा होऊन बसतो.